घड्याळजींच्या डोक्यातला कोंडा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न करू नकोस, असं मी आमच्या मुलीला ती कॉलेजात असतानाच सांगून ठेवलं होतं. तिने ऐकलं. जावई असा मिळाला की त्याला आज वार कोणता हेसुद्धा आठवत नाही, आणि आता ती फोनवर माझ्याजवळ त्याच्या नावाने खडे फोडत असते. मी गप्प ऐकून घेते. निदान तिच्या घरात "किती वाजले" असं विचारलं तर "आठ होत आले" असं माणसासारखं उत्तर मिळतं. आमच्याकडे "सात सत्तावन्न" मिळतं. कधीकधी "सात सत्तावन्न होऊन गेली" असंही मिळतं, आणि तेवढं सांगण्यासाठी आमचे हे हातातलं वर्तमानपत्र घडी घालून खाली ठेवतात.

घरात तीन घड्याळं आहेत. एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीघराच्या दारासमोर. ते तिसरं कशाला, असं कोणीही विचारेल, मीही विचारलं होतं. तिन्हींचे काटे एकत्र फिरतात. एखादं जरा मागे पडलं की ह्यांना जेवण जात नाही, स्टूल घेऊन चढतात. एकदा मी चिडून म्हटलं, "अर्ध्या मिनिटाने काय जग बुडतंय का?" तर म्हणाले, "जग नाही बुडत. घड्याळ खोटं बोलतं." अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे भाजीला मीठ कमी पडलं तरी कबुली द्यावी लागते.

बाजाराच्या रस्त्यावरच्या घड्याळांच्या दुकानात हे काम करतात. आताच्या मालकांच्या वडिलांनी ह्यांना ठेवून घेतलं होतं. दुकानात शिरलं की पुढे काचेचं काउंटर आहे, तिथे पट्टे बदलतात आणि बॅटऱ्या घालतात. मागे, खिडकीपाशी, ह्यांचं टेबल. तिथे उघडलेलं घड्याळ येतं, चावीचं, जुनं, पोटात चाकं असलेलं. एका डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा, प्रत्येक सुटा भाग काचेच्या झाकणाखाली ओळीने मांडलेला. त्या टेबलापाशी कोणी शिंकलं तरी ह्यांची मान वळते. मला ह्यांचा राग येतो, रोज येतो, पण त्या खुर्चीवर वाकून बसलेले हे मला आवडतात. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर विचारतील, नेमकं किती वाजता आवडतो.

मी स्वतः दोन गल्ल्या पलीकडे ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. आलेला कपडा तपासून घ्यायचा, डाग कुठे आहे ते बघायचं, चिठ्ठी टाचायची. त्यामुळे लोकांच्या कॉलरी मला चांगल्या ठाऊक आहेत. भाषणं करणारे साहेब असोत की अंगठ्या घातलेल्या बाई असोत, काळ्या कोटाच्या खांद्यावर पांढरी पूड असतेच. मी ब्रशने झटकते आणि तोंडातून अक्षर काढत नाही.

म्हणून ह्यांच्या खांद्यावर कोंडा दिसायला लागला तेव्हा मला विशेष वाटलं नाही. पन्नाशी उलटली होती, डोकं खाजवायचे, शर्टावर पांढरं पडायचं. मी झटकायचे. पण माझ्या गिऱ्हाइकांचे खांदे आणि ह्यांचे खांदे ह्यांत एक फरक आहे. हे दिवसभर खाली मान घालून उघड्या घड्याळावर बसतात. डोक्यावरून जे निघतं ते कुठे पडणार?

एका बाईंचं चावीचं घड्याळ दुरुस्त होऊन गेलं आणि आठवड्यात परत आलं. बंद. मालकांनी बाईंच्या समोर स्वतः उघडलं, भिंग लावलं. आत जे चाक सतत इकडून तिकडे झुलत असतं, त्याच्या कडेला एक पांढरी खपली चिकटली होती. पुढे आणखी एकाचं घड्याळ असंच परत आलं. मालक सभ्य माणूस आहे, आवाज चढवत नाही, त्यामुळे जास्त लागतं. ते म्हणाले, "आता पुन्हा असं झालं तर मागची खुर्ची मला दुसऱ्याला द्यावी लागेल. तुम्ही पुढे बसा, पट्टे-बॅटऱ्या बघा. मानही दुखणार नाही."

जेवताना ह्यांनी सगळं एका वाक्यात सांगून टाकलं. "कोंडा गेला नाही तर पुढे बसायचं." मग आमटी वाढून घेतली, पण तशीच ठेवून उठले. पट्टे-बॅटऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण ह्यांना तिथे बसवणं म्हणजे गवयाला घंटा वाजवायला बसवण्यासारखं झालं असतं.

आता आमच्या सासूबाई. ऐंशी ओलांडली आहे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत, डोळे मात्र गेल्यातच जमा. उजेड कुठे आहे तेवढं कळतं. पूर्वी धान्य निवडायच्या, बटणं लावायच्या, शेजारपाजारच्या भांडणांत निवाडा द्यायच्या. एकेक करून सगळं सुटलं. ह्यांचं वाक्य त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी आली.

"डोकं कोरडं पडलंय त्याचं," त्या म्हणाल्या. "तेल नाही पोटात जिरत, डोक्यात जिरतं. उद्यापासून मी लावते."

दुसऱ्या सकाळपासून सुरू. मी वाटीत तेल कोमट करून द्यायचं, सासूबाई खुर्चीवर, हे त्यांच्या पायाशी पाटावर. साठीकडे झुकलेला माणूस, डोळे मिटून, आईच्या गुडघ्याला पाठ टेकून बसायचा, आणि त्या बोटांनी चाचपत भांग पाडून तेल जिरवायच्या. वर हे दुकानात जाताना डोक्याला घट्ट बसणारी टोपी घालू लागले, म्हणजे खाली काही पडायला नको. दिवसभर तेल, घाम आणि टोपी. पंधरवड्यात कोंडा कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. आधी कोरडा भुगा पडायचा, आता पिवळट, चिकट खपल्या निघायला लागल्या. उशीचे अभ्रे धुऊन धुऊन माझ्या नाकी नऊ आले.

"अजून जिरलं नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि वाटी मोठी मागितली.

शेवटी मी ह्यांना ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ओढत म्हणजे खरोखर ओढत, कारण डॉक्टरांनी पावणेसहाची वेळ दिली होती आणि आत बोलवायला सहा वाजून गेले तेव्हा हे उठून निघाले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. डोकं उजेडात धरून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तेल लावता ना भरपूर?"

"आई लावते," हे म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल असं सांगितलं. माणसाच्या डोक्याच्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारी एक वस्ती असते. त्यात जंतू असतात, आणि यीस्टच्या जातीची एक बुरशीही असते. सगळ्यांच्या डोक्यावर असते, रोज आंघोळ करणाऱ्यांच्याही. कातडीतून जे तेल सुटतं त्यावर ही बुरशी जगते. ते तेल खाताना ती मागे काही द्रव्यं सोडते. बऱ्याच लोकांना त्यांचं काही वाटत नाही. काहींच्या कातडीला ती झोंबतात. मग कातडी घाईघाईने जुने थर टाकायला लागते, ते थर गठ्ठ्याने निघतात, तोच कोंडा. त्यात वस्तीचा तोल बिघडतो, काही जंतू वाढतात, काही मागे पडतात, आणि खाज आणखी वाढते.

"वरून आपण तेल ओततो," त्या म्हणाल्या, "त्या बुरशीची चंगळ. आणि घट्ट टोपीत ऊब नि घाम."

हे खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे माझ्या डोक्यात बुरशी आहे."

"माझ्याही आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"सगळी काढता येईल?"

"नाही. आणि काढायचीही नाही. ही वस्ती कातडीची राखणही करते. आपल्याला फक्त बुरशीचा जोर कमी करायचाय, म्हणजे तोल परत येईल."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसाला घड्याळात धुळीचा एक कण चालत नाही, त्याला कोणी सांगतंय की तुझ्या डोक्यावर गाव वसलंय आणि ते तसंच राहू दे. डॉक्टरांनी औषधी शाम्पू लिहून दिला. आठवड्यातून दोनदा, डोक्याला लावून पाच मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. तेल बंद. घट्ट टोपी बंद, घालायचीच तर सैल सुती, तीही कामापुरती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आईंना तुम्ही सांगा."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी वाटी मागितली. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पाट ओढला आणि बसले. मी डोळे वटारले, भांडं आपटलं, खोकले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, खोकल्यावर काहीतरी घे." हे डोळे मिटून बसले होते.

स्वयंपाकघरात गाठून मी विचारलं, "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"आईला सांगतो."

"कधी?"

"सांगतो ना."

सात सत्तावन्न सांगणारा हा माणूस. त्याचं हे "सांगतो ना" कुठल्या घड्याळात बसतं ते मला आजवर कळलेलं नाही. मी म्हटलं, मीच सांगते. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हळू आवाजात म्हणाले, "तिला दुसरं काय उरलंय गं? सकाळी उठल्यावर विचारते, तेल कोमट झालं का. आधी उठायचीसुद्धा नाही. मी धुऊन टाकीन तेल, तू काळजी करू नकोस."

हे खरं होतं. सासूबाई आता पहाटेच उठून केस विंचरून तयार बसायच्या, जणू कामावर जायचंय. मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं म्हणून मी गप्प बसले. तोंडात मिठाची गुळणी धरून रोज तेल कोमट करत राहिले.

ह्याच सुमारास मालकांनी ह्यांना एक घड्याळ दिलं. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे ज्यांनी ह्यांना कामावर ठेवलं त्यांचं मनगटी घड्याळ. कितीतरी वर्षं बंद पडलेलं. "घाई नाही," मालक म्हणाले, "पण उघडून बघणार आहे मी. आत काही सापडता कामा नये." हे घरी येऊन म्हणाले, "परीक्षा घेतायत." त्यात राग नव्हता. त्या घड्याळाला ते हात लावेनात. डोकं साफ झाल्याशिवाय झाकण उघडणार नाही, असं ठरवून बसले.

आणि डोकं काही साफ होईना. शाम्पू नेमाने चालला होता. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, न्हाणीघराचं दार उघडं टाकून समोरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे, तेव्हा मला त्या तिसऱ्या घड्याळाचा उपयोग कळला. तरीही कातडी लाल झाली, सोलवटली, कागदाचे कपटे निघावेत तसे कपटे निघायला लागले. रात्री उशीवर डोकं टेकवताना हे "स्स" करायचे. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे शाम्पूने होणार नाही. आणखी काही लावता का?"

"नाही," हे म्हणाले.

"तेल?"

"धुऊन टाकतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तेलाचं माहीत होतं, पण आणखी काही लावतात का ते मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी आग शमवायला एक लोशन दिलं आणि सांगितलं की तेल अजिबात नको, आणि आणखीही काहीतरी चुकतंय, शोधा.

आता घरातल्या वासाचं सांगते. गेले काही आठवडे आमच्या घरात पेट्रोलसारखा उग्र वास यायचा. संध्याकाळी मी घरात शिरले की सासूबाई नाक मुरडायच्या. "सूनबाई, तुमच्या त्या दुकानाचा वास फार वाढलाय गं. आल्या आल्या कपडे बदलत जा." मी बदलायचे. आंघोळ करायचे. साडी बाहेर वाळत घालायचे. वास तसाच. मी दुकानात जाऊन आमच्या मशीनवाल्याशी भांडले, की कपडे धुवायचं द्रावण कुठे गळतंय का बघ. त्याने मशीन उघडून दाखवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सासूबाईंनी तर माझ्या अंथरुणाचीही जागा बदलायची सूचना केली. सगळा वास माझ्या नावावर जमा, आणि आमचे हे शेजारी बसून वर्तमानपत्र वाचतायत.

एका सकाळी हे जवळचा चष्मा घरी विसरून गेले. त्याच्याशिवाय त्यांना भिंगही लावता येत नाही, म्हणून मी माझ्या दुकानात जायच्या आधी तो घेऊन गेले. शटर अर्धं वर होतं, मालक आलेले नव्हते. मी वाकून आत शिरले, मागे गेले. हे मोरीवर वाकून उभे होते. शर्ट काढून खुंटीला लावलेला, गळ्याभोवती टॉवेल. टेबलावर काचेची ती बरणी उघडी, ज्यात घड्याळाची चाकं धुवायचं पांढरं पेट्रोल असतं. आणि हे कापसाच्या बोळ्याने ते पेट्रोल भांगाभांगातून डोक्याला लावून पुसत होते. मग छोटा ब्रश घेतला, चाकांचे दात घासायचा, आणि त्याने कानामागे घासायला लागले.

माझ्या हातातून चष्म्याचं घर पडलं.

हे वळले. पकडले गेल्यासारखे वाटले नाहीत, कामात कोणी मध्ये आल्यासारखे वाटले. "आईचं तेल पाण्याने निघत नाही," ते म्हणाले. "घड्याळातलं जुनं, चिकट झालेलं तेल ह्यानेच निघतं. मग वाऱ्यावर धरलं की सुकतं. सव्वानऊपर्यंत सुकतं."

"तुम्ही घड्याळ आहात का?" मी विचारलं.

मला वाटतं, त्यांनी त्यावर खरंच विचार केला.

मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. रस्त्यावरचा कोणी विडी ओढत आत आला असता तर काय झालं असतं, ते डोळ्यांसमोर येत होतं. आणि रागाने अंगाचा तिळपापड झाला होता. रोज सकाळी मी तेल कोमट करते, ह्यांची आई ते जिरवते, हे इथे येऊन पेट्रोलने उतरवतात, संध्याकाळी त्याच्या वासाबद्दल मला बोलणी खावी लागतात, आणि डॉक्टरांच्या तोंडावर म्हणतात, नाही, काही लावत नाही. ज्या घरात घड्याळाने खोटं बोललेलं चालत नाही, त्या घरातला हा माणूस.

"आईला दुखवायचं नव्हतं," ते म्हणाले. "आणि खुर्चीही सोडायची नव्हती."

डोकं लाल लाल झालं होतं, कानामागे रक्ताचा ठिपका होता. मी चष्मा उचलून टेबलावर ठेवला आणि बरणीचं झाकण लावलं. "आता काय ते मी बघते," म्हटलं, आणि कामावर न जाता तडक घरी आले.

सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, तेलाचे हात पुसत. मी समोर पाटावर बसले, त्याच पाटावर, आणि सगळं सांगितलं. बुरशी, तेल, टोपी, पेट्रोल. काही राखून ठेवलं नाही. मला वाटलं होतं रडतील, किंवा मला बोलतील, की माझ्या लेकाला मी काय विष लावलं का. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "डॉक्टरांनी तेल बंद करायला कधी सांगितलं?"

"झाले की दोन महिने."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून."

सासूबाईंनी उजवा हात माझ्यापुढे धरला. मनगट सुजलेलं होतं. मी रोज त्याच हातात वाटी देत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. "हे बघ," त्या म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यापासून दुखतंय. चोळताना कळ येते खांद्यापर्यंत. मला वाटलं, त्याला बरं वाटतंय. लहानपणी पायाशी येऊन बसायचा तसा बसतो, बोलत नाही, उठत नाही. म्हटलं, त्याची खुर्ची जातेय, निदान एवढं तरी. म्हणून चोळतेय बाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरोखर मारला, आवाज आला. एकाचं डोकं सोलवटलंय, दुसरीचं मनगट सुजलंय, दोघंही एकमेकांसाठी सोसतायत, आणि मधल्या मध्ये मी अभ्रे धुतेय, वासाचे टोमणे खातेय. अशा प्रेमापेक्षा एकदा कडकडून भांडण परवडलं. मी तसं म्हटलंही. सासूबाई म्हणाल्या, "तो वास त्याचा होता होय?" आणि हसायलाच लागल्या. मला मुळीच हसू येत नव्हतं.

संध्याकाळी हे आले ते चोरासारखे. मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि उभी राहिले, पळून जायला वाट नको म्हणून.

"आई, तुझा हात दुखतो?"

"दुखतो."

"मग सांगायचं ना."

"तू सांगितलंस?"

ह्यांनी खाली बघितलं. सासूबाईंनी चाचपत त्यांचं डोकं शोधलं, बोट लागताच हे कळवळले, तेव्हा त्यांनी हात पटकन मागे घेतला. तो हात मग बराच वेळ त्यांच्या मांडीवर नुसता पडून होता. तेलाची वाटी मी त्या दिवशी घासून वरच्या फळीवर ठेवून दिली.

डॉक्टरांना "पेट्रोल" हा शब्द दोनदा सांगावा लागला. मग त्या ह्यांना जे काही बोलल्या ते ऐकून माझ्या मनाला फार बरं वाटलं. त्यांनी सांगितलं की कातडीचं स्वतःचंही एक तेल असतं, ते हवं असतं, तुम्ही तेही खरवडून काढलंत. कातडीला बारीक बारीक चिरा पडल्या, आणि त्या वस्तीचा उरलासुरला तोलही गेला. आता आधी जखमा भरू द्या, तोवर फक्त लोशन. मग शाम्पू. हे म्हणाले, "मग पूर्ण जाईल?" त्या म्हणाल्या, "पूर्ण जात नसतो. आटोक्यात राहतो. मधूनमधून शाम्पू लागेलच." घरी येईपर्यंत हे तो शब्द चघळत होते. आटोक्यात. घड्याळ आटोक्यात असतं का कधी, एक तर बरोबर असतं नाहीतर नसतं. मी म्हटलं, "मी तुम्हाला इतकी वर्षं आटोक्यात ठेवूनच संसार केलाय."

जखमा भरल्या. शाम्पू पुन्हा सुरू झाला. तेल नाही, घट्ट टोपी नाही. हळूहळू खांदे काळे दिसायला लागले, म्हणजे शर्ट काळा असेल तेव्हा. मग एक दिवस ह्यांनी मालकांच्या वडिलांचं घड्याळ उघडलं. किती दिवस त्यावर बसले होते कोण जाणे, घरी त्याबद्दल चकार शब्द नाही. मालकांनी परत घेतलं, झाकण काढलं, भिंग लावलं आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ आत बघत राहिले. हे उभे होते. मग मालकांनी झाकण लावलं, घड्याळ कानाला धरलं, आणि ते कानापासून काढेचनात. शेवटी म्हणाले, "बसा तुम्ही. मागेच बसा."

जेवताना हे मला म्हणाले, "खुर्ची राहिली." दोनदा आमटी घेतली. मी म्हटलं, बरं झालं, आता उशीचा अभ्रा आठवड्याने बदलला तरी चालेल. तेवढंच म्हटलं. मोरीवर भांडी घासताना मात्र मला रडू आलं आणि पाणी जोरात सोडावं लागलं.

घरात सगळं जागच्या जागी आलं, एक सोडून. सासूबाई पुन्हा उशिरा उठायला लागल्या. केस विंचरायची मीच आठवण करून द्यायचे. मनगटाची सूज उतरली होती, पण हात मांडीवर तसाच. एका रविवारी हे शाम्पूची बाटली घेऊन न्हाणीघराकडे निघाले तेव्हा त्यांनी खुर्चीतून विचारलं, "त्यात चोळायचं असतं का रे?"

"नाही," हे म्हणाले. "नुसतं लावून थांबायचं. पाच मिनिटं."

"जोर नाही लावायचा?"

"नाही."

हे दारात थांबले. मग बाटली माझ्या हातात दिली, आईची खुर्ची उचलून न्हाणीघराच्या दारात आणून ठेवली आणि पाट ओढून तिच्या पायाशी बसले.

आता दर रविवारी आणि बुधवारी हेच असतं. सासूबाई बोटांनी फेस लावतात, हलक्या हाताने, आणि मग हात तसाच ह्यांच्या डोक्यावर ठेवून बसतात. मी मागे कोमट पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन उभी. घाई मलाच असते, मला दुकान गाठायचं असतं.

परवा असंच चाललं होतं. सासूबाईंनी विचारलं, "झाली का रे पाच मिनिटं?"

मी वर बघितलं. समोरचं घड्याळ, ज्याचा काटा ह्या घरात कधी इकडचा तिकडे होत नाही, आठ मिनिटं उलटून गेल्याचं दाखवत होतं. हे त्याच घड्याळाकडे बघत होते. डोळे उघडे होते.

"नाही, आई," ते म्हणाले. "अजून नाही झाली."

"बरं," म्हणून सासूबाईंनी हात तसाच ठेवला. माझ्या जिभेवर खरी वेळ आली होती. मी तांब्या बादलीत ठेवला, आणि आमच्या दुकानात फोन करून सांगितलं की आज मला जरा उशीर होईल.